सिगारेटची मधली सुट्टी : कामाच्या जागी धूम्रपान सोडवण्याचा कार्यक्रम कसा चालवावा

गोव्यातल्या आमच्या कारखान्याच्या मागच्या गेटाशी रंगाचा एक रिकामा डबा होता, वाळूने अर्धा भरलेला. पहिल्या शिफ्टच्या चहाच्या वेळी त्याच्याभोवती सात-आठ जण उभे असत आणि वाळूत थोटकांची लागवड केल्यासारखी दिसे. मी तिथे कामगार कल्याण अधिकारी. पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने तो डबा उचलून फेकायला लावला, त्या जागी काळ्याकुट्ट फुप्फुसाचं पोस्टर चिकटवलं, 31 मेला तंबाखूविरोधी दिनाचं भाषण ठेवलं. टाळ्या झाल्या, पॅटिस झाले. पंधरा दिवसांत थोटकं सॉल्व्हंटच्या गोदामामागच्या संडासात सापडायला लागली. सुरक्षा अधिकाऱ्यांनी मला तेव्हा जे ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही.

त्या फजितीनंतर मी पोस्टरं लावणं सोडलं आणि आठवडाभर नुसती त्या गेटाशी जाऊन उभी राहिले. तेव्हा कळलं की मशीन सोडून दहा मिनिटं बाहेर जायचं तर आमच्या सुपरवायझरना एकच कारण चालत होतं, ‘सिगारेट मारून येतो.’ ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हटलं की भुवया वर जायच्या. म्हणजे न ओढणाऱ्याला सुट्टी नव्हतीच. नवी पोरं लागायची, महिना-दोन महिन्यांत डब्याभोवती दिसायची. सिगारेट ही त्यांची मधली सुट्टी होती, आणि मी सुट्टी न देता सिगारेट काढून घ्यायला निघाले होते.

पुढे जे लिहिते आहे ते या चुकीवरून बेतलेलं आहे. पन्नास माणसांच्या वर्कशॉपपासून पाचशेच्या कारखान्यापर्यंत, हॉटेलात किंवा ऑफिसात, थोडं इकडे-तिकडे करून ते चालतं.

आधी मोजणी, तीही बिननावाची

गोवा या बाबतीत तसा सुदैवी. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले 28.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, गोव्यात 9.7 टक्के. पण हा आकडा दाखवून व्यवस्थापन ‘मग आपल्याकडे गरजच काय’ म्हणतं, तेव्हा त्यांना आपल्या शॉप फ्लोअरवर घेऊन जा. राज्याची सरासरी तुमच्या रात्रपाळीला लागू होत नाही. आणि तिथे अर्धी माणसं कर्नाटक, ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली असतात.

एका पानाचा कागद करा. मराठी, कोंकणी, हिंदी, कन्नड, जी माणसं असतील त्यांच्या भाषेत. नाव नको, फक्त विभाग आणि पाळी. कागद टाकायला कुलूपबंद पेटी, आणि ती ऑफिसात नाही तर कँटीनमध्ये. सहा-सात प्रश्न पुरतात : काय वापरता (सिगारेट, विडी, मळलेला तंबाखू, गुटखा), दिवसाला किती, सकाळी उठल्यावर पहिली कधी, कामावर असताना किती, कुठे उभं राहून, कधी सोडायचा प्रयत्न केला का, आता सोडायची इच्छा आहे का.

यात ‘पहिली कधी’ हा प्रश्न सोन्याचा. उठल्यावर पाच मिनिटांच्या आत ज्याला लागते त्याचं शरीर निकोटिनला बांधलेलं आहे. तासाभरानंतरही ज्याला आठवत नाही त्याची सवय बरीचशी जागेची आणि सोबतीची आहे. डॉक्टर वापरतात त्या फागरस्ट्रॉम चाचणीत सहा प्रश्न आणि दहा गुण असतात. पाच मिनिटांच्या आतल्याला या प्रश्नाचे तीन गुण, अर्ध्या तासाच्या आतल्याला दोन, तासाच्या आतल्याला एक. पहिल्या प्रकारच्या माणसाला औषध लागेल, दुसऱ्याला सुट्टी आणि सोबत पुरेल. दोघांना एकाच भाषणाला बसवलं तर दोघांचाही वेळ जातो.

चघळण्याबद्दल विचारायला विसरू नका. गोव्याने 2005 साली गुटख्यावर बंदी घातली, देशभरातल्या बंद्यांच्या बरीच आधी, तरी खिशात काय असतं ते हाऊसकीपिंगच्या बायांना विचारा. तुम्ही फक्त सिगारेट मोजलीत तर माणूस सिगारेट सोडून खैनीवर येतो आणि तुमच्या तक्त्यात ‘यशस्वी’ म्हणून नोंदला जातो.

कायद्याचं घर आवरून ठेवा

हे एका आठवड्यात उरकणारं काम आहे. 2003 च्या सिगारेट व तंबाखूजन्य उत्पादन कायद्याखाली, 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांनुसार कामाची जागा ही सार्वजनिक जागा आहे आणि तिथे ओढायला बंदी आहे. दंड 200 रुपयांपर्यंत. निदान 60 बाय 30 सेंटिमीटरचा फलक लागतो आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव त्यावर लागतं. ते नाव तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्याचं नाही ना, एवढं बघून घ्या. ॲश-ट्रे, माचिस, लायटर जागेत ठेवायचे नाहीत. तक्रारी येऊनही जबाबदार माणूस गप्प बसला तर दंड त्याच्याही डोक्यावर येतो. ई-सिगारेटवर 2019 च्या कायद्याने उत्पादनापासून विक्रीपर्यंत बंदी आहे, म्हणून ‘सिगारेट सोडायला व्हेप’ हा सल्ला तुमच्या कार्यक्रमात येताच कामा नये.

हॉटेलवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. 30 किंवा जास्त खोल्यांच्या हॉटेलात, किंवा 30 किंवा जास्त आसनांच्या रेस्टॉरंटमध्ये धूम्रपानाचा वेगळा कक्ष ठेवता येतो, मात्र 2017 च्या दुरुस्तीनंतर त्या कक्षात खाद्यपेय वगैरे कसलीही सेवा देता येत नाही. तरी साफसफाईला कुणीतरी आत जातोच. जो वेटर परवा सिगारेट सोडून बसलाय त्यालाच आज तो कक्ष झाडायला पाठवू नका. चार आठवडे त्याची ड्यूटी बदला. याला पैसा लागत नाही, वेटरांच्या कॅप्टनशी पाच मिनिटं बोलावं लागतं.

दंड वसूल करणं आणि सोडायला मदत करणं ही कामं एकाच माणसाकडे देऊ नका. सकाळी पावती फाडणाऱ्याकडे दुपारी कुणी मन मोकळं करत नाही.

व्यवस्थापनाकडून तीन गोष्टी लेखी घ्या

पैसे, वेळ आणि गुप्तता.

पैशांचा मोठा भाग निकोटिनच्या गमचा, म्हणजे सिगारेटऐवजी तलफ भागवायला चघळायच्या च्युइंगमचा. बारा आठवड्यांचा ठरलेला क्रम असा : पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी, पुढचे तीन दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन दर चार-आठ तासांनी. दिवसाला अनुक्रमे दहा, पाच आणि तीन धरले तर एका माणसाला सहाशेच्या आसपास लागतात. जवळच्या फार्मसीतून घाऊक भाव काढा आणि माणसांच्या संख्येने गुणा. आकडा बघून साहेबांचा चेहरा पडला तर दुसरा हिशेब पुढे सरकवा : दिवसाला कामाच्या वेळात पाच सिगारेटी, प्रत्येकीला गेटापर्यंत जाऊन येऊन बारा मिनिटं, झाला एक तास.

वेळ म्हणजे नर्सकडे दर आठवड्याला दहा मिनिटं बसायची परवानगी, पगार न कापता, पाळी चालू असताना. ‘शिफ्ट सुटल्यावर या’ म्हणालात तर कंपनीच्या बसने जाणारा कुणी येणार नाही.

गुप्ततेवर मी सगळ्यात जास्त भांडले. कोण ओढतो, कोणाची चाचणी काय आली, कोण घसरला, ही वही दवाखान्यातून बाहेर पडणार नाही, बढती-बदली-पगारवाढीत तिचा विचार होणार नाही, असं एका ओळीचं पत्र सहीनिशी नोटीस बोर्डावर लावा. कंत्राटी माणसाला हे पत्र सगळ्यांहून जास्त लागतं, कारण उद्याचा गेटपास मिळेल का हीच त्याची धास्ती. आणि हो, कार्यक्रम कंत्राटी माणसांनाही खुला ठेवा. पगारपत्रकावरच्यांपुरता ठेवलात तर डब्याभोवतीची अर्धी माणसं बाहेरच राहतात.

आता सुट्टी

दोन तासांनी दहा मिनिटं, ओढणाऱ्याला आणि न ओढणाऱ्याला सारखीच. सुपरवायझरांची बैठक घ्या आणि हे त्यांच्या तोंडून वदवून घ्या, कारण सगळं अडतं तिथेच. आमच्या एका जुन्या सुपरवायझरांनी बैठकीत स्पष्ट विचारलं, “मॅडम, सिगारेट नाही तर मग बाहेर जाऊन करणार काय तो?” प्रश्न रास्त होता. बाहेर करायला काहीतरी हवं.

म्हणून जागा द्या. सावलीची, पावसात न भिजणारी (जून ते सप्टेंबर गोव्यात हा मुद्दा छोटा नाही), आणि थोटकांच्या जुन्या जागेपासून दूर. आम्ही सायकल स्टँडच्या पत्र्याखाली दोन बाकं, पाण्याचा माठ आणि कॅरम ठेवला. कॅरम दहा मिनिटांत संपत नाही अशी तक्रार आली, खरीही होती. पण सोंगट्या तशाच ठेवून पुढच्या सुट्टीत डाव पुरा करायला माणसं परत येऊ लागली, गेटाकडे न वळता. चणे-फुटाणे, बडीशेप, लवंग एका बरणीत ठेवा. हाताला आणि तोंडाला काम लागतं.

गेटाबाहेरच्या गाड्यावर तुमची सत्ता चालत नाही, पण तिथे काय घडतं ते समजून घ्या. 2018 पासून सिगारेटच्या पाकिटावर सोडायला मदत करणारा राष्ट्रीय क्रमांक छापलेला असतो : 1800-11-2356. आपला माणूस मात्र पाकीट घेतच नाही. चहाबरोबर एक सुटी सिगारेट घेतो, दोरीला टांगलेल्या लायटरवर पेटवतो. पाकिटावरचा इशारा आणि क्रमांक दोन्ही गाडेवाल्याच्या गल्ल्याशेजारीच राहतात. म्हणून तो क्रमांक तुम्ही छापा, पंचिंग मशीनच्या वर, डोळ्यांच्या उंचीवर. सेवा फुकट आहे, सकाळी 8 ते रात्री 8, सोमवारी बंद. रात्रपाळीला उपयोग नाही, त्याचं पुढे बघू.

सोडायचा दिवस

‘कमी करतो’ म्हणणाऱ्याला अडवू नका, पण त्याच्याकडून तारीख घ्या. दोन आठवड्यांच्या आतली. त्याहून लांबची तारीख विरून जाते.

तारीख ठरवताना कॅलेंडरकडे आणि शिफ्टच्या तक्त्याकडे, दोन्हीकडे बघा. निकोटिन रक्तातून झपाट्याने उतरतं, दर दोनेक तासांनी निम्मं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तगमग टोकाला जाते : चिडचिड, झोप उडणं, लक्ष न लागणं. फोर्कलिफ्ट, क्रेन, प्रेस चालवणाऱ्याचे हे दिवस रात्रपाळीत येऊ देऊ नका. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी सोडायला लावा, म्हणजे सर्वांत वाईट दोन दिवसांतला एक तरी घरी जातो.

आणि आपल्याकडे एक आयती सोय आहे जिचा फायदा कुणी घेत नाही. श्रावण. फोंडा, डिचोली, पेडणे भागातली कितीतरी माणसं महिनाभर मासळी सोडतात, कुणी दारूही सोडतात. ख्रिस्ती सहकारी कोरेज्माच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, चाळीस दिवसांत असाच एखादा त्याग करतात. सोडण्याची भाषा माणसांना आधीपासून येते. घरचे साथ देतात आणि ‘आज एक घे रे’ म्हणणारा मित्रही त्या महिन्यात गप्प बसतो. अडचण एकच, चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. श्रावण संपला की ताटात मासळी परत येते तशी बोटांत सिगारेटही येते. म्हणून श्रावणात सुरू करा, पण बारा आठवड्यांची मुदत आधीच सांगा, आणि चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात प्रत्येकाला एकदा दवाखान्यात बोलवा : आरतीनंतर अंगणात कोण पेटवणार, तुम्ही तेव्हा कुठे असणार, हातात काय असणार. इतकं बारीक ठरवून घ्या.

औषध, आणि ते चघळण्याची रीत

निकोटिनच्या गमने किंवा कातडीवर चिकटवायच्या पॅचने यशाची शक्यता विनाऔषध प्रयत्नाच्या तुलनेत 50 ते 60 टक्क्यांनी वाढते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्याला 4 मिलिग्रॅमचा गम, बाकीच्यांना 2 मिलिग्रॅमचा. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन ही गोळ्यांची औषधं सोडायच्या दिवसाच्या आठवडाभर आधी सुरू करतात, आणि ती डॉक्टरनेच द्यायची. बुप्रोपिऑन अपस्माराच्या रुग्णाला चालत नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, गरोदर स्त्री, मानसिक आजारावर औषध चालू असलेला, यांना गमसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आमच्याकडे पहिल्या खेपेत गम वाटले आणि तिसऱ्या दिवशी पाच-सहा जण परत घेऊन आले. ‘तिखट लागतं, उचकी लागते, पोटात जळजळतं.’ मी एकाला समोर चघळायला लावलं. लहान मुलं च्युइंगम खातात तसं कचाकचा चावून तो रस गिळत होता. आमच्या नर्सबाई कोंकणीत म्हणाल्या, “हें वखद, चॉकलेट न्हय!” (हे औषध आहे, चॉकलेट नव्हे) आणि मग त्याच्या गालावर बोट ठेवून शिकवलं. सावकाश दहा-पंधरा वेळा चावा. जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली की थांबा. गम गाल आणि हिरडी यांच्या मध्ये सरकवून ठेवा. चुणचुण ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावा, जागा बदला. अर्धा तास हेच. निकोटिन तोंडाच्या अस्तरातून शिरलं पाहिजे, पोटात गेलेलं फुकट जातं आणि वर उचकी देतं. चघळण्याआधी पंधरा मिनिटं आणि चघळताना चहा, कॉफी, लिंबूपाणी नको, कोकम सरबत किंवा सोलकढीही नको, कारण आंबट तोंडात निकोटिन नीट शोषलं जात नाही. जेवणानंतरचा गम म्हणून चूळ भरून, थोडं थांबून.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. तंबाखूच्या धुरामुळे यकृत कॅफीन लवकर निपटतं. धूर बंद झाला की तेवढ्याच चहाचा अंमल वाढतो. झोप उडाली, हात थरथरले तर माणूस म्हणतो सिगारेट सोडल्यामुळे झालं, आणि परत पेटवतो. चहा निम्मा करा. दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना आधीच कळवावं, त्याची मात्रा बदलावी लागू शकते.

तुमच्याकडे डॉक्टर नसेल तर ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) लाभ असलेल्यांना मडगावच्या ईएसआय इस्पितळाचा रस्ता दाखवा. व्यसन जुनं आणि घट्ट असेल, सोबत दारू असेल, तर बांबोळीला गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ) आहे आणि मानसोपचारासाठी आयपीएचबी हे मनोरुग्णांचं सरकारी इस्पितळ. चिठ्ठी देऊन मोकळे होऊ नका, पहिल्या खेपेला कुणीतरी बरोबर जा.

सोबती

इच्छेचा झटका आला की तो साधारण तीन ते पाच मिनिटं टिकतो. तेवढी मिनिटं काढायला समोर माणूस हवा, आणि रात्री दोन वाजता पाकिटावरची ती हेल्पलाइन बंद असते. म्हणून प्रत्येक पाळीत एक सोबती नेमा. ज्याने स्वतः सोडलीय असा सर्वांत उत्तम. त्याला उपदेश करायचा नाही, एवढंच शिकवा. ‘चल, पाणी पिऊन येऊ’ म्हणायचं आणि बरोबर चालायचं. डॉक्टर किंवा साहेबाला सोबती करू नका.

बक्षीस

याबद्दल माझं मत बदललेलं आहे. आधी मला वाटायचं, आपल्याच तब्येतीसाठी पैसे कशाला द्यायचे? पण 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात 878 कर्मचाऱ्यांपैकी ज्यांना पैशाचं आमिष होतं त्यांतल्या 14.7 टक्क्यांनी वर्षाच्या सुमाराला सिगारेट सोडलेली होती, आमिष नसलेल्यांत 5 टक्क्यांनी. 2015 च्या दुसऱ्या अभ्यासात ‘आधी स्वतःचे पैसे ठेव म्हणून भरा, सोडली तर परत’ या योजनेला जेमतेम 13.7 टक्के माणसं तयार झाली, नुसत्या बक्षिसाला 90 टक्के. म्हणजे कामगाराच्या पगारातून ठेव कापायची कल्पना कुणी मांडली तर तिथेच थांबवा.

रोख रकमेपेक्षा मला एक भरपगारी रजा किंवा चतुर्थीच्या बाजाराचं कूपन बरं वाटतं. एकदम देऊ नका. चौथ्या आठवड्याला थोडं, बाराव्याला थोडं, मोठं सहा महिन्यांनी.

तपासणीला श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं छोटं यंत्र मिळतं, फुंकलं की आकडा येतो. पण हा वायू दिवसाभरात शरीरातून जातो, त्यामुळे कालपासून दम धरलेला माणूस आज पास होतो. चघळणारा तर कायमच पास. लघवीतलं कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) काही दिवस मागचं दाखवतं, मात्र गम चालू असेल तर तेही येतं. तेव्हा यंत्राचा उपयोग पोलिसासारखा करू नका. आमच्याकडे माणसं आपणहून फुंकायला येत, गेल्या आठवड्याचा आकडा या आठवड्यापेक्षा मोठा होता हे बघायला. विनामदत सोडणाऱ्यांपैकी वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच. मदतीने वीसपैकी तीन-चार टिकले तरी कार्यक्रम चांगला चालला असं समजा, आणि हे व्यवस्थापनाला सुरुवातीलाच सांगून ठेवा, नाहीतर वर्षअखेरीस ते फक्त सोळा नापास मोजतील.

घसरलेल्याचं काय

एक ओढली म्हणून बारा आठवडे वाया गेले असं त्याला वाटत असतं. त्याला बोलवा, तीन प्रश्न विचारा : कुठे, कोणाबरोबर, त्याआधी काय झालं. उत्तर बहुतेक वेळा भांडण, दारू किंवा वजन यांत सापडतं. सोडल्यावर पहिल्या वर्षात वजन सरासरी चार-पाच किलो वाढतं, हे आधीच सांगा. गम चालू ठेवा. कार्यक्रमातून नाव कापू नका. दर तीन महिन्यांनी नवी तुकडी सुरू करा आणि जुन्यांना परत यायची मुभा ठेवा, पुन्हा फॉर्म भरून, बाकी काही न विचारता.

आमचा एक फोर्कलिफ्टवाला असाच आला. एकदा श्रावणात सोडली आणि चवथीला धरली, पुढच्या वर्षी भावाच्या लग्नात. नव्या तुकडीचा फॉर्म त्याने माझ्या टेबलावर उभ्याउभ्या भरला. ‘याआधीचे प्रयत्न’ या रकान्यात दोन लिहिलं, थोडा वेळ पेन तसंच धरून ठेवलं, मग खोडून तीन केलं. एक प्रयत्न त्याने आम्हा कुणाला न सांगताच करून पाहिला होता.